अर्ध्या बोटाचा मध्यम

बासरीत शुद्ध मध्यमाला, म्हणजे सा रे ग म मधल्या साध्या म ला, स्वतःची जागा नाही. बोटांची छिद्रं सहा. सहाही बंद धरली की एक सूर मिळतो, आणि खालून एकेक बोट उचलत गेलं की सगळी मोकळी होईपर्यंत आणखी सहा. एक आणि सहा सात, हिशेब चोख जुळतो. पण वरची तीन छिद्रं बंद ठेवून सा धरला, एक बोट उचलून रे घेतला, आणखी एक उचलून ग घेतला, आणि शेवटचंही बोट उचललं, की जो येतो तो शुद्ध मध्यम नसतो. तीव्र असतो, अर्ध्या सुरानं चढा. शुद्ध मध्यम गंधाराच्या, म्हणजे ग च्या, आणि त्या मोकळ्या सुराच्या मधे राहतो. तिथे पोचायचं तर डाव्या तर्जनीखालचं सगळ्यात वरचं छिद्र अर्धं झाकायचं, अर्धं उघडं ठेवायचं. अर्धं म्हणजे किती, ते बासरीवर कुठे कोरलेलं नसतं.

हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी म वाजवते आहे अशीच माझी समजूत होती.

मी शिक्षिका आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. सगळा धानाचा पट्टा. गावाला एक मामा (माजी मालगुजारी) तलाव, दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि शाळेच्या फाटकासमोर आखर. सकाळी गावभरची ढोरं तिथं जमतात आणि मग रानाकडे निघतात. त्यांना नेणारे आबाजी सत्तरीच्या पुढचे. गोवारी समाजातले, तीन पिढ्यांपासून गावचे ढोरकी. काही गावांत गुराख्याला ‘गायकी’ म्हणतात, आणि आबाजींच्या बाबतीत तो शब्द मला दोन्ही अर्थांनी खरा वाटतो, कारण ढोरं जमेपर्यंत ते आखरावर बसून बासरी वाजवतात.

ही बासरी मी सहा वर्षं ऐकत होते. हजेरी घेता घेता, फळ्यावर तारीख लिहिता लिहिता. त्यांची चाल वर जायची, वर जाऊन एका जागी थांबायची आणि मला वाटायचं तिथे न उतरता दुसरीकडेच उतरायची. ती कुठे जाते हे मला सांगता येत नव्हतं, कारण सांगायला लागणारे शब्दच माझ्याकडे नव्हते. सा रे ग म हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. पाढा पाठ असलेल्या मुलाला आपण गणित आलं असं म्हणत नाही. वयाच्या ४३व्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, मी नागपुरातून एक बरी बासरी आणली ती एवढ्यासाठी, की आबाजी कुठे थांबतात आणि कुठे उतरतात ते मला समजावं.

घरात एक बासरी आधीपासून होती. लेकीसाठी चिमूरच्या घोडायात्रेतून घेतलेली, रंगीत फितीची. ती कधी कोणाकडून वाजलीच नाही. नवीन बासरी पांढरी एकची, म्हणजे तिचा सा पेटीच्या पांढऱ्या एक पट्टीशी जुळणारा. लांबी दीड फुटाच्या थोडी वर. तीही वाजेना. पहिले चार दिवस नुसती हवा. पाच मिनिटं फुंकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि भिंत धरून बसावं लागायचं.

सूर आला तो आधी माझ्याकडून नाही, सासूबाईंकडून.

आमच्याकडे गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. त्या दिवशी त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला, “आण व इकडं.” बासरी ओठाला लावली, डोळे बारीक केले, आणि पहिल्याच फुंकेत सूर आला. जाडसर, कडेनं थोडी हवा सांडणारा, पण सरळ, न थरथरणारा सूर. त्यांनाच नवल वाटलं. पुन्हा वाजवला. मग फुंकणी दाखवत म्हणाल्या, “जोरात फुकलं तं राख उडते. हळू फुकलं तं इंगळ धरत नाई. तू भोकात फुकून राह्यली. इंगळाकडं पाहून फुका लागते.”

पुढे कळलं की शास्त्रही हेच सांगतं. फुंक छिद्रात ओतायची नसते. छिद्राच्या पलीकडच्या काठावर तिची पातळ पट्टी आदळली पाहिजे, म्हणजे ती काठाच्या खालीवर झुलते आणि आतला हवेचा खांब हलू लागतो. चाळीस वर्षं फुंकणी धरलेल्या ओठांना ही नेमकी जागा आपोआप माहीत होती. मी मात्र बासरीच्या पोटात वारा भरत बसले होते. त्या संध्याकाळी मी पलीकडच्या काठाला इंगळ समजून फुंकलं. सूर आला. सासूबाईंनी एकच अट घातली, “दिवसा वाजव. रातच्याला नोको, जनावर निगते.” धानाच्या मुलखात पावसाळ्यात जनावर, म्हणजे साप, निघायला बासरी लागत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण मी ती अट आजवर पाळली आहे.

गुरू मिळाले ते गावातल्या प्रार्थनेत. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. तुकडोजी महाराजांना जाऊन १९६८ पासून इतका काळ लोटला, तरी खंजिरी गावात आहे आणि तिच्याशेजारी पेटीही. पेटी वाजवणारे काका तरुणपणी वडशाच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर पदं चालायची, आणि नटानं पट्टी बदलली की यांनी ती अंधारात शोधायची. त्यांचा कान तिथे तयार झाला. बासरी त्यांना येत नाही. म्हणूनच ते माझे उत्तम गुरू झाले असं मला वाटतं, कारण बोटं कशी ठेवायची हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सूर बरोबर की चूक एवढंच सांगितलं.

पहिला महिनाभर फक्त सा. “अगोदर सा पक्का करा, मॅडम. बाकीचे त्याच्या मागं येतेतच.” वरची तीन बोटं बंद, खालची तीन मोकळी, आणि एका श्वासाचा सूर. वर्गातल्या घड्याळाकडे बघून मी मोजायची. सुरुवातीला ४ सेकंद. तेही सरळ नाही, सुरुवातीला खाली आणि शेवटी फुटलेला. बोटांचं आणखीच वेगळं. बोटाच्या टोकानं छिद्र झाकलं की कुठूनतरी हवा झिरपते आणि सूर घोगरा होतो. पेराचा मऊ भाग सपाट टेकवावा लागतो. सराव झाल्यावर बोटांवर छिद्रांचे गोल वळ उठायचे. वळ पुरा गोल असेल तर बोट बरोबर बसलं, चंद्रकोरीसारखा असेल तर एका बाजूनं हवा गळते. माझ्या उजव्या अनामिकेवर कितीतरी दिवस चंद्रकोरच होती.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती समजेपर्यंत मी फार खट्टू होते. सकाळी सहाला पेटीशी जुळणारा माझा सा दुपारी जुळेना. काका म्हणायचे, “चढून राह्यली.” मी फुंक कमी करून पाहिली, ओठ आत घेऊन पाहिले. दुपारी ती चढायचीच. आमच्या शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा ४६च्या वर जातो आणि बातमीत येतो. गावातली हवाही काही वेगळी नसते. गरम हवेत आवाज जास्त वेगानं धावतो, दर अंशाला सेकंदामागे जवळपास ०.६ मीटरनं. शून्य अंशाला हा वेग ३३१ मीटर, २० अंशाला ३४३. बासरीत सूर देतो तो आतला हवेचा खांब, म्हणून हवा तापली की सूर वर सरकतो. पेटीचा सूर पितळेच्या पट्टीचा. पितळेला उन्हाची अशी ओढ नसते. म्हणजे चूक माझी नव्हती, काकांचीही नव्हती. बासरी ज्या हवेत वाजते त्याच हवेची होऊन जाते. हे समजल्यावर ती मला एकदम जवळची वाटू लागली. तिला आमचा उन्हाळा कळतो.

शाळा सुरू झाली, मृगाचा पाऊस पडला, पऱ्हे टाकून झाले. जुलैत रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, सुरुवात झाली की आमच्या वर्गांची पटसंख्या कागदावर एक आणि बाकावर वेगळी असते. मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळायला बांधीच्या धुऱ्यावर बसलेली असतात. अशाच एका ओल्या दुपारी शाळा सुटल्यावर काका पेटी घेऊन व्हरांड्यात आले. तोवर मी सा रे ग म वाजवायला लागले होते, हळू, पण सलग. त्यांनी पेटीवर ग म प वाजवलं आणि मला त्याबरोबर वाजवायला सांगितलं. म वर दोन्ही सूर असे भिडले, की दातांखाली खडा यावा.

काकांनी पेटी थांबवली. पांढरी चार दाबली, सोडली. मग तिच्याशेजारची काळी तीन दाबली. “तुम्ही हे वाजवून राह्यल्या,” काळीवर बोट ठेवून म्हणाले. मग पांढरीवर बोट नेलं. “पायजे हे.”

मी सगळी बोटं उचलून म समजून वाजवत होते तो तीव्र मध्यम होता. इतके दिवस. काका मात्र हसले नाहीत. विचार करून म्हणाले, “तुमची बासरी यमनातच जन्मली म्हणा की.” आणि ते अगदी खरं आहे. एकही छिद्र अर्धं न झाकता, बोटं सरळ उचलून आणि टेकवून बासरीवर जी सात सुरांची ओळ निघते, ती कल्याण थाटाची, तीव्र मध्यमाची, यमन ज्यात येतो ती. पं. भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि शुद्ध सप्तक म्हणून बिलावल धरलं. आपण शाळेत म्हणतो तो सा रे ग म प ध नी सा तो हाच. पेटी बिलावलाची ओळ पांढऱ्या पट्ट्यांवर तयार ठेवते, एका बोटानं लहान मूलही वाजवू शकेल. बासरी ती तयार देत नाही. जिला आपण सगळ्यात साधी, पहिल्या दिवसाची ओळ म्हणतो, तिच्यात बासरीनं एक जागा वादकाकडे सोडून ठेवली आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे मी त्या एका जागेवर घालवले. बोट घसरवायचं नाही, कलंडवायचं. कुशीवर वळल्यासारखं. थोडं जास्त कललं तर काळी तीनकडे झेप, कमी कललं तर गंधार घसा खाकरतो. पावसात बोटाची कातडी ओली, फुगीर. कालचं अर्धं आज अर्धं नसायचं. मोबाइलवर सूर मोजणारं अ‍ॅप घेतलं. हिरवी रेघ आली की बरोबर. दोन आठवडे मी त्या रेघेकडे डोळे लावून वाजवलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी ऐकणंच बंद केलं आहे. अ‍ॅप काढून टाकलं. त्याऐवजी तानपुऱ्याचं अ‍ॅप ठेवलं, नुसता सा लावून.

मग फरक पडला. सा मागे वाजत असताना म जवळपास आला, पण पुरता जुळला नाही, तर दोन सुरांमधे एक थरथर ऐकू येते, पाण्यावर वारा गेल्यासारखी. बोट किंचित कलंडत जावं तशी ती थरथर संथ होत जाते, आणखी संथ होते, आणि एका क्षणी थांबते. सा आणि म यांच्यात ३ ला ४ हे प्रमाण असतं. तिथे पोचलं की दोन्ही सूर एकमेकांत बसतात. मी चौथीला अपूर्णांक शिकवते. तीन छेद चार हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेन. ते कानानं पकडता येतं, त्याला जागा असते, तिथे विसावता येतं, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

म झाला म्हणजे प झाला असं नाही. खरा चढ तिथेच आहे. म वाजताना बासरी हातात असते ती जेमतेम: दोन अंगठे, ओठाची कड आणि तर्जनीचा अर्धा काठ. बाकी सगळी बोटं हवेत. आणि पुढच्या क्षणी, प साठी, सहाच्या सहा छिद्रं एकदम बंद. त्याच वेळी फुंकही बदलायची. सहाही बंद ठेवून हळू फुंकलं तर खालच्या सप्तकातला प येतो. ओठ आवळून फुंक पातळ आणि वेगवान केली तरच मधला. म्हणजे सा ते म बोटं एकेक करून दारं उघडत जातात, आणि म ते प या एका पावलात सगळी दारं लागतात नि छप्पर वर सरकतं. सहा बोटांपैकी एकही किंचित उशिरा पडलं तर कोंबड्यासारखी चिरकी किंकाळी उठते. आमच्या तिसरीतल्या एका मुलीला ती किंकाळी इतकी ओळखीची झाली होती, की ती उठली नाही त्या दिवशी तिनं खिडकीतून डोकावून विचारलं, “मॅडम, आज नाई आली?”

या दिवसांत मला हरिप्रसाद चौरसियांचा फार आधार वाटला. पहिलवान वडिलांचा हा मुलगा अलाहाबादेत लपूनछपून शिकला, कटकच्या आकाशवाणीवर वादक झाला, मुंबईत नाव झालं. आणि एवढं झाल्यावर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेला, तेव्हा पहिल्यापासून शिकण्याची तयारी दाखवायला त्यानं बासरीची बाजूच बदलली. उजवीकडे धरत होता ती डावीकडे धरू लागला. म्हणजे सगळी बोटं पुन्हा अडाणी. तयार कलावंतानं आपल्या हातांना पुन्हा पहिलीत बसवलं. माझे हात तर पहिलीतच होते.

पोळ्याच्या आसपास ग म प निघालं. सप्टेंबर सरता सरता सा ते वरचा सा, न अडखळता, चढत आणि उतरत. माझा सा आता १४ सेकंद टिकत होता. तेव्हा मी आबाजींकडे गेले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशेजारी आखरावर बसले. ते थोडे अवघडले. “मॅडम, खाली माती हाये,” म्हणत त्यांनी आपलं पोतं पुढे केलं.

त्यांची बासरी मी प्रथमच जवळून पाहिली. ती बांबूची नव्हती. भिंतीत वायर टाकतात तो पांढरा प्लास्टिकचा पाइप, एका टोकाला लाकडाची खुंटी, सळई तापवून पाडलेली छिद्रं. लांबी माझ्या बासरीएवढीच. दोन छिद्रांमधलं अंतर एका बोटाच्या रुंदीचं, सगळीकडे सारखं. रोवणी करणाऱ्या बाया दोरी न लावता दोन चुडांत सारखं अंतर ठेवतात, तसं.

एवढं बांबूचं जंगल उशाशी असून पाइप का, मी विचारलं. आबाजी म्हणाले, “आमचा बांबू भरीव. मानवेल आतून सारा बुजलेला, कटांग जाड नि काटेरी. पोकळ निंगला तं उन्हाळ्यात तडकते. नि लहानपनी एक काडी तोडली तं नाकेदारानं कान धरला होता.” बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा, सरळ बांबू लागतो. तो मुख्यतः आसामकडून येतो. आमचा मानवेल सूप-टोपल्यांचा, बुरडांच्या हातचा. त्याचीही काडी तोडायला भीती होती. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०११मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्याचा हक्क मिळवला. कायद्यात, निदान जंगलाबाहेरच्या बांबूला, झाड म्हणणं थांबलं ते २०१७मध्ये. आबाजींचं लहानपण त्याच्या कितीतरी आधीचं. त्यांनी जे हाताला लागलं त्यातून सूर काढला. त्या पाइपकडे बघून मला पन्नालाल घोष आठवले. १९११मध्ये बारिसालला जन्मलेल्या या माणसानं गुराख्याचं वाद्य शास्त्रीय मैफिलीत नेलं, त्यासाठी ते लांब केलं, सातवं छिद्र जोडलं, आणि बांबूवर येऊन थांबण्याआधी इतर साहित्याच्याही बासऱ्या करून पाहिल्या. बासरी कशाची आहे हा प्रश्न त्यांनाही पडला होता, आबाजींनाही. उत्तरं दोन निघाली. दोन्ही वाजतात.

मी आबाजींना माझी ओळ वाजवून दाखवली. सा ते सा. त्यांनी मान हलवली, मग म्हणाले, “चांगलं हाये. पन तुम्ही अर्ध्या रस्त्यातून काहून निंगता?”

मला समजेना. त्यांनी पाइप ओठाला लावला, सहाही छिद्रं बंद केली आणि तिथून सुरुवात केली. एकेक बोट उचलत गेले. सगळी मोकळी झाल्यावर पुन्हा सहाही बंद, जोराच्या फुंकेनं. तिथे थांबले. “घराचे सारे दार लावून निंगाचं. वापस येऊन सारे दार लावूनच निजाचं.”

ती ओळ सा रे ग म प ध नी सा होती. शुद्ध. बिलावल. एकही छिद्र अर्धं न झाकता.

मी तिथेच बोटांवर मोजायला लागले. सहाही बंद तो सा धरला, तर पाच बंद रे, चार बंद ग, तीन बंद म. माझा जो सा, तोच त्यांचा म. ज्या मध्यमासाठी मी सहा आठवडे घातले, तो त्यांच्या बासरीत मधोमध, तीन बोटांखाली, आपसूक उभा. आणि सगळी बोटं एकदम टाकण्याची ती अवघड उडी त्यांच्याकडे ओळीच्या अगदी शेवटी, नी वरून वरच्या सा वर. सहा वर्षं मला जे ऐकू येत होतं ते हेच होतं. त्यांची चाल वर जाऊन थांबायची ती त्या मोकळ्या नी वर, ढोरं सगळी आली का ते बघायला. आणि उतरायची ती सहाही दारं बंद करून, घरी. मला वाटायचं ती माझ्या कानातल्या सा वर उतरेल. तिचा सा वेगळ्या ठिकाणी राहत होता.

संध्याकाळी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “तो सा नाही मॅडम, तो प आहे.” त्यांच्या पेटीपुरतं ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आखरावर आले, पेटी न घेता, आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकावर बसून दोन चाली ऐकल्या. पेटीच्या नावानं आबाजींचा गंधार किंचित उतरलेला आहे, सारख्या अंतराच्या छिद्रांमुळे, हे त्यांच्या कानानं लगेच पकडलं. जाताना मला म्हणाले, “उतरला आहे, पण त्या चालीत तो तिथंच बसते. पेटीवर नाही सापडायचा. दोन पट्ट्यांच्या फटीत आहे.” एवढं बोलून ते बराच वेळ गप्प चालत राहिले.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. ढोरं रंगवून, शिंगांना बाशिंगं बांधून आखरावर आणतात, शेणाच्या गोधनावरून चालवतात. नंतरच्या दिवसांत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, गोवारी ढाल घेऊन नाचतात. या वर्षी पाडव्याच्या सकाळी ढोरं जमत असताना आबाजींनी मला हाक मारली. “या, मॅडम. संगं वाजवू.”

मी बासरी काढली. थंडी पडायला लागली होती, सकाळी माझी बासरी थोडी उतरलेली होती आणि त्यांचा पाइप माझ्या प च्याही किंचित खाली. मी बासरी ओठाकडे जरा आत वळवली, सूर अजून खाली आणला. सहाही छिद्रं बंद केली. दोन्ही सूर भिडले, थरथर आली, मंदावली, थांबली. त्यांनी बोट उचललं, मी उचललं. ध, नी, सा, रे, ग, माझ्या नावांनी. त्यांच्या नावांनी, त्यांना नावं नाहीतच. गंधारावर मी त्यांच्याएवढी उतरले. आणि पुढच्या सुराकडे जाताना माझी तर्जनी सवयीनं कलंडली, अर्ध्यावर थांबायला. सहा आठवड्यांची सवय. तिथेच दोन्ही सूर खडा लागल्यासारखे भिडले, कारण या चालीत तिथे अर्धं नसतं. आबाजी वाजवता वाजवता माझ्या बोटाकडे बघत होते. ते त्या सुरावरून हलले नाहीत, लांबवत राहिले, माझी वाट बघत.

मी बोट पूर्ण उचललं.